कण्यातला सांधा

"हातमोजा काढ की," इमॉन म्हणाला. "मोज्यातून काय कळणार तुला?"

उल्हासनं मोजा काढला. कोविडच्या या वर्षभरात दुसऱ्याच्या वस्तूला उघडा हात लावायची सवयच मोडली होती. आयर्लंडमधल्या कासलबारच्या कारखान्यात तो हृदयात घालायच्या नळ्या तपासायचा. एकोणीस वर्षांत खोट असलेला एकही नग त्याच्या बोटांखालून निसटला नव्हता. शेजारच्या इमॉनला हे ठाऊक होतं, म्हणून तर हे बोलावणं.

शेडमध्ये १९६३ची कॉर्व्हेट गाडी उभी होती, अजून रंगाआधीच्या करड्या प्रायमरमध्ये. उल्हास बघतच राहिला. या मॉडेलला पाकट माशाचं नाव दिलेलं. रत्नागिरीच्या जेटीवर त्यानं पाकटांचे ढीग पाहिले होते, पण त्या माशाची ऐट कधी लक्षातच आली नव्हती. दिवे तोंड फिरवून आत लपलेले, कुठे एक कोपरा म्हणून टोचत नाही, आणि छपरावरून शेपटीपर्यंत धावणारा एकच कणा, मागच्या काचेचे सरळ दोन भाग करणारा. दोन भागांची ती काच फक्त त्याच एका वर्षी निघाली.

"गाडी कॉलमची, माझ्या धाकट्या भावाची. तरुणपणी त्यानंच हा कणा कापून टाकला होता," इमॉन म्हणाला. "मागचं दिसत नाही म्हणून. आणि मग जन्मभर हळहळला. मागच्या एप्रिलात बॉस्टनच्या हॉस्पिटलमधून फोनवर म्हणाला, होती तशी करून ठेव, कुणाला कळता कामा नये. मी हो म्हणालो. तेच शेवटचं बोलणं. उद्या रंगवाला येतोय. सांग, मी पुन्हा बसवलेल्या कण्याचा सांधा हाताला लागतो?"

घरून निघताना मृणालिनीनं नवऱ्याला बजावलं होतं, "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे तो. छान झालंय म्हण आणि मोकळा हो. तिथे तुझं क्यूसी नको चालवूस, प्लीज."

उल्हासनं डोळे मिटून छपरावरून बोट खाली आणलं. इतकं सफाईचं काम त्यानं कारखान्यातही पाहिलं नव्हतं. एकट्या म्हाताऱ्यानं, थरथरत्या हातांनी केलेलं! त्याला अगदी भरून आलं. मग काचेच्या जरा वर बोट अडलं. केसाएवढं. त्यानं पुन्हा फिरवलं. होतंच.

इथल्या लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणून टाकावं, असं फार वाटलं त्याला.

"इथे लागतो," तो म्हणाला. "डोळ्यांना नाही दिसत. पण बोटाला लागतो."

इमॉन वाकून त्या जागेकडे बघायला लागला. आपण हे काय करून बसलो, असं उल्हासला झालं. बायकोचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

म्हाताऱ्यानं फोन काढला आणि रंगवाल्याला उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलं.

"अख्खी गल्ली दारातूनच ग्रँड, ग्रँड म्हणून गेली," तो म्हणाला. "हात कुणी लावला नाही. पेन्सिल घे, खूण कर."

उल्हासनं बारीक खूण केली. इमॉननं डोक्यावरची टोपी काढून बाकावर ठेवली, पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि कण्यावर वाकून हलक्या हातानं घासायला लागला.