नळी फुटलेली असू दे

जयपूरला बुधवारी मोती डुंगरीच्या गणपतीपुढे नव्या गाड्यांची नुसती झुंबड असते. झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि गाडीत बसलेल्यांच्या तोंडावर जग जिंकल्याचा आनंद. सगळे एकच मागत असतात, गाडीला काही होऊ नये. त्या गर्दीत मी एकटी हात जोडून म्हणाले, "गणराया, आमच्या गाडीची नळी फुटलेली असू दे. चांगली आरपार तडकलेली असू दे. एवढं कर, पुन्हा काही मागणार नाही."

शेजारच्या बाईने वळून पाहिलं. मराठी कळलं नसणार, पण मी रडत होते ते दिसलं असेल. बघेना का!

आमचे हे, रंगनाथ, फौजेतून कर्नल म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी गाड्यांच्या वर्कशॉपात. शेवटचं पोस्टिंग जयपूरला होतं, मग इथेच तिलक नगरात घर घेतलं. साताऱ्याला परत जाऊ म्हणून मी किती डोकं फोडलं, पण तिकडे पाऊस फार, गाडी गंजेल. हो, गाडी! बायको गंजली तरी चालेल.

ती गाडी म्हणजे दोन सीटची, लाल रंगाची, जपानी स्पोर्ट्स कार. दिल्लीला असताना एका वकिलातीतल्या साहेबाकडून जुनीच घेतली होती. आमची शर्वरी लहानपणी माझ्या मांडीवर बसून त्यातून हिंडली, आणि आता पुण्यात तिला स्वतःला बाळ झालंय. दोन लाख किलोमीटरच्या पुढे पळालीय ती गाडी, आणि ह्यांना तिचा सगळ्यात मोठा अभिमान कशाचा, तर हेडरचा. इंजिनातला जळका धूर चार नळ्यांतून बाहेर पडतो आणि पुढे त्या चारही एका नळीत मिळतात, तो सगळा जोड म्हणजे हेडर. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कानावर दुसरं पडलंय काय! जुन्या गाडीत तो तापून आणि निवून शेवटी जोडापाशी तडकतोच म्हणे. "आपला नाही तडकला," हे येईल त्याला सांगतात. "कारखान्यातून आला तसाच आहे. गाडी थांबली की लगेच बंद करायची नाही, जरा दम घेऊ द्यायचा. तापलेल्या इंजिनावर पाणी मारायचं नाही. माणसासारखं वागवलं की लोखंडही टिकतं." पाहुणे बिचारे चहा गार होईपर्यंत माना हलवतात.

आणखी एक फौजी खोड. कुठलाही भाग बदलला की त्यावर पांढऱ्या रंगाने तारीख टाकायची. वर्कशॉपात तशी पद्धत असेल, पण घरात? आमच्या विजेच्या गीझरवर तारीख आहे, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर आहे, कुकरच्या झाकणावरसुद्धा रबर कधी बदललं त्याची तारीख आहे. सातच्या पोटात आडवी रेघ मारतात, ते तर मी अंधारात चाचपून ओळखीन. गाडीच्या डिकीत रंगाची डबी आणि बारीक ब्रश कायमचा. एकदा शर्वरी म्हणाली होती, "बाबा, आईवर पण टाका तारीख." तर म्हणाले, "तिला बदललेलं नाही, ती ओरिजिनल आहे."

अशा माणसाला गेल्या काही महिन्यांत काय झालं, ते ऐका.

मार्चमध्ये मी पुण्याहून, शर्वरीच्या बाळंतपणाहून, परत आले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. चहात दोनदा साखर. दुधाच्या भैयाला दोनदा पैसे. मी म्हटलं, एकटे राहिले, लक्ष थाऱ्यावर नसेल. मग एका दुपारी फोन आला. चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, जौहरी बाजारात काहीतरी आणायला गेले होते. मागे नुसते हॉर्न वाजत होते आणि हे हळू आवाजात म्हणाले, "गिरिजा, मी कुठे आहे?"

मी हसले. खरंच हसले, वाटलं थट्टा करतायत. तर पुन्हा म्हणाले, "मला घर कुठल्या बाजूला ते समजत नाही गं." नकाशा न बघता अख्खं राजस्थान पालथं घालणारा माणूस! मी रिक्षा करून गेले. गाडी रस्त्यात तिरकी उभी, लोक शिव्या घालतायत, आणि आत हे स्टिअरिंग धरून ताठ बसलेले. मला बघून म्हणाले, "उशीर केलास."

त्या रात्री मी चावी तांदळाच्या डब्यात लपवली. सकाळी असा काही तमाशा केला की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. "मी काय चोर आहे माझ्या घरात?" मी चावी काढून दिली. काय करणार?

मालवीय नगरातल्या डोक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मेंदूचे फोटो काढले, चित्रं ओळखायला लावली, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी घड्याळ काढलं, सगळे आकडे एकाच बाजूला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मग बाईंनी मला विचारलं, घरात बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का? कोंडलेल्या धुरात रोज बसणं होतं का? तसा धूर रोज नाकात गेला तरी माणूस असा विसरायला लागतो, डोकं दुखतं, गोंधळ होतो. आणि धूर थांबला की पुष्कळांचं सुधारतं.

मी ताडकन उठलेच. धूर! अहो, रोज सकाळी गॅरेजचं शटर पूर्ण वर करून हे त्या गाडीत काचा लावून बसतात, इंजिन चालू करून. फौजेत रोज सकाळी प्रत्येक गाडी सुरू करून बघतात, ती सवय. आत येतात तेव्हा डोकं धरलेलं असतं. आणि हल्ली इंजिन गार असताना टिक्‌टिक् टिक्‌टिक् आवाज येतो, तापलं की बंद होतो. तडकलेल्या हेडरचा आवाज असाच असतो, आणि धूर मागून बाहेर न जाता पुढूनच गाडीत शिरतो, हे मला ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्यातून गाडीची बॅटरी उतरली होती त्या आठवड्यात हे किती छान होते! माझ्या बहिणीचा जुना फोन नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. बाई म्हणाल्या, "मॅडम, पहिले गाड़ी चेक करवा लीजिए. पर बहुत उम्मीद मत रखिए." पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही.

रात्री शर्वरीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, गाडी विकून टाका आणि इकडे या." "अगं, नळी फुटलीय नुसती! नळी बदलली की बाबा बरे!" "आई, आणि नसली फुटलेली तर?" मी फोन ठेवून दिला. पोटची पोर, पण असा राग आला तिचा!

म्हणून बुधवारी गणपती, आणि तिथून घरी येऊन गॅरेजला. ह्यांचा जुना मेकॅनिक उन्हाळ्यात धंदा गुंडाळून गावी गेला, तेव्हा शेजाऱ्यांनी सुचवलेले हे सैनीजी, मालवीय नगरच्या पलीकडे. हेडर तपासायचा म्हटल्यावर आमचे हे खूशच झाले. "बघू दे त्यांनाही. असा हेडर जन्मात पाहिला नसेल." खाकी पॅन्ट घातली, दाढी केली. मी काचा पूर्ण खाली करायला लावल्या. जेएलएन मार्गावर गाडी इतकी सुरेख चालवली की मला वाटलं, काही झालेलंच नाही ह्यांना. मी तोंड बाहेर काढून ताजी हवा घेत होते आणि मनात म्हणत होते, फुटलेली असू दे, फुटलेली असू दे.

सैनीजी बोलका माणूस. गाडी बघून दोन्ही हात जोडले त्यांनी. इंजिन पार निवेपर्यंत चहा झाला, मग गाडी वर चढवली, खाली दिवा धरला. हेडरवर धुळीने काळपट झालेली पट्टी गुंडाळलेली होती, बॉनेटखाली उष्णता कमी राहावी म्हणून. "पट्टी काटनी पड़ेगी, साहब. दरार इसके नीचे छुपती है."

"काटो, काटो," हे म्हणाले. "ही पट्टी जोधपूरला असताना मी स्वतः गुंडाळली. गिरिजा, आठवतं?"

मला आठवत होतं. मी मान हलवली. माझे तळहात घामेजले होते, पदराला पुसत होते, पुन्हा घामेजत होते.

पट्टीची वेटोळी खाली पडत गेली. सैनीजींनी दिवा जवळ नेला, फडक्याने पुसलं, एकेक जोड बोटाने चाचपला. मग इंजिन सुरू करून नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. एक बुडबुडा नाही. टिक्‌टिक् मात्र चालूच होतं. "ये आवाज तो ऊपर वॉल्व की है, पुराने इंजन में आती है. हेडर एकदम बढ़िया है, मॅडम! मिठाई खिलाइए!"

मी टायरच्या ढिगावर बसले.

"नीट बघा," मी म्हणाले. "भैया, फिर से देखो. कहीं तो टूटा होगा. मागच्या बाजूने बघा ना!" मी ओरडत होते. "असं कसं नाही फुटलं? इतकी जुनी नळी आहे, फुटलीच पाहिजे!"

"गिरिजा, वेड लागलं का तुला?" हे हसत होते. "अगं, चांगली बातमी आहे. मी म्हणत नव्हतो? कारखान्यातून आला तसा..."

"पुराना कहाँ है, साहब?" सैनीजी म्हणाले. "ये तो नया डलवाया है आपने. स्टेनलेस का. ये देखिए, तारीख भी लिखी है."

मी उठले. चार नळ्या जिथे एकात मिळत होत्या, त्याच्या जरा वर, तापून पिवळट झालेला पण स्वच्छ वाचता येणारा पांढरा रंग होता. बदलला, १७ फेब्रुवारी, आणि यंदाचं साल. सातच्या पोटात आडवी रेघ.

फेब्रुवारीत मी पुण्याला होते. मूळचा हेडर ह्यांनी तेव्हाच बदलून घेतला होता. ज्या नळीचा टेंभा गेले आठ महिने मिरवत होते, ती भंगारात गेली होती, आणि नव्या नळीवर जुनीच पट्टी स्वतःच्या हाताने परत गुंडाळली होती.

"हे कुणी लिहिलं?" ह्यांचा आवाज चढला. "माझ्या गाडीला हात कुणी लावला? सैनीजी, आपने लिखा?"

"साहब, मैंने तो आज पहली बार देखी है..."

"मग कुणी? गिरिजा, तू बोलत का नाहीस?"

काय बोलू? देवा, मी काय बोलायला हवं होतं? मला ह्यांच्या कानशिलांना दोन्ही हात लावून, ते डोकं गच्च धरून ठेवावंसं वाटत होतं, आणखी काही त्यातून सांडू नये म्हणून. मी म्हणाले, "जाऊ दे हो. चला घरी."

"जाऊ दे कसं? तपासणी झाली तर नोंद झालीच पाहिजे." आणि हे तरातरा डिकीकडे गेले, डबी आणि ब्रश घेऊन आले, गाडीखाली उभे राहिले. ह्यांच्या लेखी ती दुसऱ्याच कुणाचीतरी नोंद होती, तिच्याखाली ह्यांनी लिहिलं, 'तपासला'. मग ब्रश थांबला.

"आज तारीख काय?"

"सत्तावीस," मी म्हणाले.

त्यांनी दोन काढला. सात काढला. सातच्या पोटात आडवी रेघ मारली. हात तसाच राहिला. वरचा सात आणि खालचा सात, मध्ये बोटभर अंतर. हे वर बघत होते, खाली बघत होते. गॅरेजात कुणीतरी हातोडा मारत होतं, सैनीजींनी त्याला खुणेने थांबवलं.

"अक्षर सारखंच आहे गं," हे म्हणाले.

"हो."

"म्हणजे मीच."

"हो, अहो."

"मला अजिबात आठवत नाही, गिरिजा." इतक्या वर्षांत मी ह्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. सीमेवर होते तेव्हाही नाही. "काहीच नाही. त्या दिवसातलं काहीच नाही."

मी त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि त्यांची बोटं पदराने पुसली. लहान पोराची पुसावी तशी एकेक पुसली. सैनीजी पाठ करून कुठलातरी पाना शोधत राहिले.

गाडी खाली उतरली. ह्यांनी नेहमीसारखी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायर बघितले. मग ड्रायव्हरच्या दारापाशी उभे राहिले आणि चावी माझ्या हातात दिली. मी न मागता.

"तू चालव."

"मला ही येत नाही. कधी हात लावू दिलात?"

ते वळसा घालून पलीकडच्या, माझ्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले.

"बस. क्लच जरा वर सुटतो हिचा," ते म्हणाले. "मी सांगतो तुला. ते अजून आठवतंय मला."