मातीचं अंग

ह्यांच्याकडे मृदंग शिकायला येणाऱ्याला पहिला धडा हातानं नाही, तोंडानंच गिरवावा लागे. मृद् म्हणजे माती, अंग म्हणजे शरीर. पूर्वी म्हणे वाद्याचं खोड मातीचं घडवत, म्हणून हे नाव. "पण गुरुजी, हा तर लाकडाचा," असं कुणी म्हटलं की स्वारी खूश! मग तासभर सुटका नाही. मला मात्र त्या वाद्याचा रागच यायचा. तळेगावात आमच्या ओळखीचे सगळे त्याला 'वासंतीची सवत' म्हणत, ते काही खोटं नव्हतं.

गेल्या महिन्यात हे जिन्यावरून पडले, डोक्याला मार लागला आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. डॉक्टर म्हणाले, आवडीची वस्तू समोर ठेवा, पण नाव तुम्ही सांगू नका, त्यांच्या तोंडून येऊ द्या. मी तीच सवत उचलून पलंगाशी आणून ठेवली. "हे काय आहे?" मी रोज विचारायचे. हे नुसते बघत राहायचे. कधी "ते... ते..." म्हणून थांबायचे. हे एक नाव आलं की सगळं येईल, असं मी धरून बसले होते. दुसरं काही विचारायचा धीरच होत नव्हता.

काल सकाळी संदेश आला. खंडाळ्याच्या एका हॉटेलची गाडी चालवतो, ह्यांचा लाडका शिष्य. कामशेतच्या पुढे त्याचं गाव. तिथल्या सप्त्यात संध्याकाळी तो पहिल्यांदाच कीर्तनाला एकटा साथ करणार होता. ह्यांची रीत अशी, की पहिल्या साथीआधी शिष्यानं समोर बसून नावाचा अर्थ सांगायचा आणि गुरूनं स्वतः मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे कातड्याच्या तोंडाला, घुमारा यावा म्हणून कणीक लावून द्यायची.

कणीक मी भिजवली खरी, पण त्याला दारातच अडवलं. "अरे, त्यांना काही आठवत नाही. उगाच जिवाला त्रास."

"काकू, न्हाई बोलले तर न्हाई. पर त्यांच्या म्होरं म्हटल्याबिगर मी तितं बसायचा न्हाई."

तो पलंगापाशी मांडी घालून बसला. त्यांची ती नजर बघून तो गडबडला. त्या गडबडीत म्हणाला, "मृद् म्हंजी शरीर, अंग म्हंजी..."

"चूक!"

मी दचकलेच. हे उठून बसले होते.

"मृद् म्हणजे माती. अंग म्हणजे शरीर. मृदंग! किती वेळा सांगायचं?"

कणकेचा गोळा त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला आणि पुडीवर थापू लागले. बोटं अगदी पूर्वीसारखी फिरत होती. संदेश त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडत होता आणि मी पदर तोंडाला लावून उभी होते. परत आले माझे हे, परत आले, एवढंच मनात चाललं होतं.

हात पुसताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. जरा अवघडून म्हणाले, "रडू नका हो बाई. बसा ना. आमची वासंती बाजारात गेली असेल. येईलच आता, तिला भेटूनच जा."

"थांबते," मी म्हटलं.