खेळाडूचे नाव: जो लुई

क्लबाच्या दारात सुईदोरा चपला काढून उभा राहिला, तेव्हा आत पाचवी फेरी चालू होती. लढतीची नव्हे, वादाची. जगात आजवर झालेला सगळ्यात मोठा बॉक्सर कोण, हा वाद अध्यक्ष आणि कोच गेली तीस वर्षं घालत होते, आणि तोही नियमाने. भिंतीवरची घंटा वाजली की एकाने तीन मिनिटं बोलायचं. पुन्हा वाजली की दोघांनी एक मिनिट गप्प बसून पाणी प्यायचं. मग दुसऱ्याने बोलायचं. कुणी मध्ये तोंड घातलं, तर वाद पहिल्या फेरीपासून सुरू. त्यामुळे क्लबाला आग लागली तरी आधी घंटा होऊ द्यावी लागेल, असं पोरं म्हणत.

सुईदोऱ्याला सुईदोरा म्हणत, कारण उसवलेले ग्लोव्ह्ज तोच शिवायचा आणि लढतीत कुणाची भुवई फुटली की रक्त थांबवायलाही तोच धावायचा. त्याची लेक चोपन्न किलोच्या गटात खेळायची. तिची मोठ्या सराव शिबिरासाठी निवड झाली होती. क्लबाच्या शिफारशीचा अर्ज, त्यावर अध्यक्षाची आणि कोचची सही, आणि आज पाचच्या आत तो संघटनेच्या कचेरीत, एवढंच राहिलं होतं. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं. आज हुकलं की कायमचं हुकलं.

आणि तो अर्ज चार दिवस अध्यक्षाच्या टेबलावर कोरा पडला होता. चार दिवस सुईदोरा खेटे घालत होता. रोज हेच गुऱ्हाळ, रोज "उद्या करू की". आज चार वाजून गेले होते आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

कोच अलीवर बोलत होता. तीनदा जगज्जेता झाला, ऐन भरातली वर्षं बंदीत गेली तरी परत येऊन झाला, असं बरंच. सुईदोऱ्याला ते सगळं पाठ होतं. पुढे कोच कुठे हात उडवणार आणि कुठे आवाज खाली आणणार, तेही पाठ होतं. तो दात आवळून घंटेची वाट बघत राहिला. मध्ये बोललो तर हे दोघे पहिल्यापासून सुरू करतील, आणि खरंच करतील, याची त्याला खात्री होती.

घंटा झाली. कोचने टेबलावरचा अर्ज ओढून आपल्या जागी सही ठोकली. अध्यक्षाचा पेला तोंडाला होता. सुईदोऱ्याने अर्ज त्याच्यापुढे सरकवला. वरचे रकाने अध्यक्षाने स्वतःच्या हाताने भरायचे होते. "कुठे, इथे? इथे?" म्हणत तो भराभरा लिहू लागला, पण ओठ वेगळंच काही पुटपुटत होते, पुढच्या फेरीचे मुद्दे जमवत होता तो. सही करायला आणि घंटा व्हायला एकच गाठ पडली. अर्ज सुईदोऱ्याच्या अंगावर टाकून अध्यक्ष उठला आणि कोचकडे बोट रोखून म्हणाला, "जवळजवळ बारा वर्षं. पंचवीस वेळा किताब राखला. बोल आता."

सुईदोऱ्याने कागदाची घडी केली आणि सायकल हाणली.

कचेरीच्या पायरीवर लेक उभी होती. बेकरीतली पाळी संपवून ती तशीच आली होती, कोपरापर्यंत पीठ. खिडकीमागे शिक्केवाले साहेब एकटेच होते. त्यांनी चष्मा वर सरकवून अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मोठ्याने म्हणाले, "खेळाडूचे नाव, जो लुई. वजन चोपन्न किलो. हेवीवेटचा जगज्जेता बराच वाळला की हो."

सुईदोऱ्याने कागद ओढून पाहिला. अध्यक्षाचं वळणदार अक्षर. खेळाडूच्या नावापुढे जो लुई, ज्याच्या बाजूने अध्यक्ष तीस वर्षं भांडत होता तो. त्याने कपाळावर हात मारून घेतला. लेकीने वाकून वाचलं आणि ती कोपरावरचं पीठ झाडू लागली.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी नाव खोडून लेकीचं नाव लिहायची तयारी दाखवली, फक्त अध्यक्षाने फोनवर तसं सांगायला हवं होतं. सुईदोऱ्याने फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला आणि लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. त्याला माहीत होतं, फेरी चालू असणार. तिसऱ्यांदा अध्यक्षाचा आवाज आला, तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती.

चूक कळल्यावर अध्यक्ष शरमला, माफी मागितली, नाव सांगितलं. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण साहेबांना राहवेना. "बाकी ठीक," ते फोनकडे झुकून म्हणाले, "पण लुई? मार्सियानोने त्याला रिंगच्या दोरांतून बाहेर फेकला होता, आठव्या फेरीत. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय. त्याच्यापुढे कोण?"

झालं. लुई तेव्हा सदतीस वर्षांचा होता, थकला होता, असं अध्यक्ष तिकडून सांगू लागला. साहेब इकडून हसू लागले. सुईदोरा दोनदा "साहेब, शिक्का" म्हणाला, तर त्यांनी बोट वर करून त्याला थांबवलं. वर्षभर त्या खिडकीत कागद घेणाऱ्या माणसाला आज कुणीतरी बोलायला भेटलं होतं.

"असं करू," साहेब शेवटी म्हणाले. "तुम्ही एकदा कबूल करा, मार्सियानो मोठा. मी लगेच शिक्का मारतो. एवढं साधं ज्यांना पटत नाही, त्यांची शिफारस तरी कशी धरायची?"

म्हणाले थट्टेने, पण शाईच्या डबीचं झाकण त्यांनी लावून टाकलं.

"मेलो तरी म्हणणार नाही," अध्यक्ष म्हणाला.

सुईदोऱ्याला ठाऊक होतं की हा हट्ट नुसता लुईचा नाही. अध्यक्षाची स्वतःची शेवटची लढतही तशीच गेली होती. वय झालेलं, समोर तरणाबांड गडी, आणि दोरावर लोंबकळणाऱ्या अध्यक्षाला खाली उतरवून भुवईवर बोळा दाबून बसला होता तो सुईदोराच. एवढं ठाऊक असूनही त्याने फोन तोंडाजवळ धरला.

"अरे, चार दिवस कागद तुझ्यापुढे होता," तो म्हणाला. "पोरगी इथे उभी आहे. तिला पहिले ग्लोव्ह्ज तू दिलेस, आणि तिचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तुझ्या हातून दुसरंच नाव गेलं. आता मी तुला काय सांगू?"

भिंतीवरच्या घड्याळात पाचला चार कमी.

"साहेब," अध्यक्ष हळूच म्हणाला. "मार्सियानो मोठा."

"लुईपेक्षा?"

"लुईपेक्षा."

साहेब खूश झाले. झाकण उघडलं, शिक्का उमटला, पोचपावती लेकीच्या हातात आली. वर तिला त्यांनी मनापासून शुभेच्छाही दिल्या.

बाहेर येऊन सुईदोरा सायकलपाशी नुसताच उभा राहिला. काम झालं होतं. तरी छातीतली आग काही विझेना, आणि ती कुणावर ओकावी ते कळेना. साहेबांवर, अध्यक्षावर, की चार दिवस घंटेची वाट बघत मुकाट उभं राहिलेल्या स्वतःवर.

"बाबा, अध्यक्षकाकांना खरंच तसं वाटतं?" लेकीने विचारलं.

"नाही."

"मग मी जाऊन सांगते त्यांना. मलाही लुईच मोठा वाटतो म्हणून."

"नको," तो म्हणाला. "आज त्याच्यापुढे ते नावही काढू नकोस."