एका यार्डाची चाल

अमेरिकन फुटबॉलचा सामना. चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर, म्हणजे तीन फुटांवर, प्रयत्न शेवटचा, घड्याळात चाळीस सेकंद आणि गुण चारने कमी. अशा वेळी काय करायचं हे व्हर्नन टॅकेटला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. बॉयकिनसारखा रेडा संघात असताना चेंडू त्याच्या पोटाशी द्यायचा आणि बाकीच्यांनी मागून रेषेपलीकडे रेटायचं, झालं! टेनेसीतल्या त्या कॉलेजात आक्रमणाच्या चाली ठरवायचं काम अकरा वर्षं टॅकेटकडेच होतं. मैदानाच्या वरच्या काचेच्या खोलीत बसून तो हेडसेटवर चाल सांगायचा, खाली पोरं ती खेळायची.

पण खाली गारलंड स्ट्राउड उभा होता, मुख्य कोच. याच्या संघाला चेंडू फेकताच येत नाही, नुसते बैलासारखे ढुशा मारतात, असं आठवडाभर रेडिओवर कुणीतरी बरळत होतं. ते गड्याला चांगलंच झोंबलं होतं.

"फेकायचा," हेडसेटवर स्ट्राउडचा आवाज आला.

"कोच, एकच यार्ड आहे. बॉयकिनला देऊ."

"व्हर्न, मी तुला विचारलेलं नाही."

फेकला. प्रतिस्पर्ध्याच्या पोरानं तो मधल्यामध्ये झेलला, सामना गेला आणि सगळं मुसळ केरात गेलं.

अर्ध्या तासानं पत्रकारांपुढे स्ट्राउड तोंड पाडून म्हणाला की चाली टॅकेट ठरवतो, आपण त्यात नाक खुपसत नाही. काय म्हणावं या माणसाला! त्या हेडसेटवर या दोघांखेरीज आणखी सहा जण होते, सहाही जणांनी सगळं ऐकलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यातलाच एक, बचावफळी शिकवणारा ओडेल, टॅकेटचा इतक्या वर्षांचा दोस्त, गाडीपाशी भेटला तेव्हा एवढंच म्हणाला की मला अजून इथं दिवस काढायचेत रे.

रविवारी चर्च सुटल्यावर स्ट्राउडनं टॅकेटला बोलावून घेतलं आणि घरी बसवलं.

टॅकेटची बायको मार्लीन संतापानं लाल झाली. त्या रेडिओवाल्याला फोन लाव, खरं काय ते सांगून टाक, म्हणून तिनं धोशा लावला. टॅकेट ऐकेना. हेडसेटवरचं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. मुख्य कोचचं नाव घेणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. त्याला छप्पन्न पूर्ण झाली होती. दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. आता कुठून बोलावणं आलं तर आलं, नाहीतर संपलंच.

बोलावणं आलं. दहाव्या दिवशी सकाळी अर्कान्सासहून लायल रेनफ्रोचा फोन. तिथल्या एका कॉलेजचा मुख्य कोच, मोजकं बोलणारा. त्याला चाली सांगणारा माणूस हवा होता. टॅकेटचं काम त्यानं वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पुष्कळ चांगलंही बोलला. मार्लीन बिस्किटांचं पीठ मळता मळता थांबली.

"फक्त एक सांग," रेनफ्रो म्हणाला, "ती शेवटची चाल कुणाची?"

टॅकेटला वाटलं, हीच परीक्षा. माणूस तोंडाचा घट्ट आहे की नाही, एवढंच याला बघायचंय.

"माझी," तो म्हणाला.



"मी परवा स्ट्राउडलाही विचारलं होतं," रेनफ्रो म्हणाला. "तो तुझंच नाव सांगत होता. मला काही पटलं नाही. म्हटलं, टॅकेट असला गाढवपणा करणार नाही, तुझ्याच तोंडून ऐकावं."

"लायल, ऐक, खरं सांगायचं तर..."

"राहू दे व्हर्नन. एका यार्डावरून फेकणारा मला नको, आणि एकदा सांगून शब्द फिरवणारा तर मुळीच नको."

फोन बंद झाला. मार्लीन पिठाचे हात तसेच धरून उभी होती. आता तरी सांग, निदान ओडेलला बोलायला लाव, ती म्हणाली. टॅकेट खुर्चीत बसला. आता ओडेलच काय, सहाच्या सहा जणांनी शपथ घेतली असती, तरी उपयोग नव्हता. त्यानं स्वतःच कबूल केलं होतं.