डाव्या हातावरची जागा

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. शिंप्याच्या धंद्यात तो खपून गेला, कारण तोंडात टाचण्या धरल्या की माणूस आपोआप कमी बोलतो. डायलिसिसच्या खुर्चीत मात्र तोंड रिकामं आणि हात अडकलेला. मग समोर येईल त्याच्यावर राग निघायचा.

समोर बहुतेक वेळा बोलतीबाईच यायची. पाटीवर तिचं पद ‘समुपदेशक’ असं भारदस्त लिहिलेलं होतं, पण ती स्टूल ओढून गप्पाच मारायची, म्हणून आम्ही पेशंटांनी तिचं नाव बोलतीबाई पाडलं. झोप लागते का, जेवण जातं का, घरात चिडचिड होते का, असल्या तिच्या चौकशा. एकदा मी तिला सुनावलं, बाई, मशीन रक्त धुतंय तेवढं पुरे, मन मी धुवायला टाकलेलं नाही. ती हसली आणि पुढच्या खेपेला पुन्हा स्टूल ओढून बसली. भलतीच चिवट.

खरं तर मला एकच गोष्ट सलत होती, आणि ती परक्या बाईला सांगण्यासारखी नव्हती. लग्न झाल्यापासून माझी बायको माझ्या डाव्या हातावर डोकं ठेवून झोपायची. भांडण झालं असलं तरी तिथंच. सकाळी हाताला मुंग्या यायच्या, मी कुरकुरायचो, ती म्हणायची, मग काढून ठेवत जा हात. पुढे त्याच हातात डॉक्टरांनी फिस्टुला केला, म्हणजे आतल्या दोन रक्तवाहिन्या जोडून सुया टोचण्यासाठी एक जाडजूड शीर तयार केली. ऑपरेशन होऊन घरी आलो, आणि दुसऱ्याच दिवशी हिनं आपली उशी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. ती काही बोलली नाही, मी काही विचारलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

शीर फुगत गेली, सुतळीच्या गाठींसारखी वर आली. मी काय ते ओळखलं. हिला किळस येते. कुणाला नाही येणार? मग मी स्वतःसाठी लांब बाह्यांचे शर्ट शिवले. डाव्या बाहीची शिवण उसवून तिथं बटणं लावली, म्हणजे सुयांपुरती फट उघडायची आणि बाकी हात झाकलेलाच राहायचा. नर्सना त्याचं कोण कौतुक! घरात, उकाड्यातसुद्धा, मी ती बाही वर करत नव्हतो. डायलिसिसवाल्याला पाणी घोटाघोटानं प्यावं लागतं, ती तहान मी कशीबशी मारायला शिकलो होतो. बायको जवळ असावी ही तहान काही मरेना.

बोलतीबाईनं बाहीचं कौतुक केलं नाही. सुया काढून, पट्ट्या लावून मी बसलो होतो, तेव्हा तिनं हळूच विचारलं, “काका, हा हात घरी कुणापासून झाकता?”

धुळीपासून, म्हटलं मी. मग तिनं दुसराच विषय काढला. फिस्टुला चालू आहे ना, हे रोज हात लावून बघायचं असतं. बोटांना आतली थरथर लागली की ठीक, ती थांबली की तडक दवाखाना. घरी हे कोण बघतं? मीच, मी म्हणालो. हे आणखी कुणाला तरी बघता यायला हवं, असं म्हणत ती उठली आणि बाहेरच्या बाकावर थांबलेल्या माझ्या बायकोला घेऊनच आली.

मनगटाजवळ हलकेच दोन बोटं ठेवा, तिनं सांगितलं. बायको एक पाऊल मागे सरली. आता चारचौघांत शोभा होणार म्हणून मी बाहीची बटणं लावू लागलो.

“नको,” बायको म्हणाली. “माझ्यामुळं काही झालं तर?”

नुसत्या हात लावण्यानं काही होत नाही, बोलतीबाई म्हणाली. तेव्हा बायको माझ्याकडे न बघता तिलाच सांगायला लागली. घरी सोडताना नर्सनं बजावलं होतं, ह्या हातावर वजन पडू द्यायचं नाही, शीर बंद पडेल. “जागी असले की मी आवरेन हो. पण झोपेत माझं डोकं तिथंच जातं. पहिल्याच रात्री गेलं होतं. तेव्हापासून मला माझाच भरवसा नाही.”

मला वाटलं तुला किळस येते, मी कसंबसं म्हणालो.

“ह्यांना कापड कळतं,” ती बोलतीबाईला म्हणाली, “बाकी काही कळत नाही.” आणि तिनं बोटं ठेवली. आधी दोन, मग अख्खा तळवा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मांजरासारखं घुरघुरतंय, असं म्हणाली आणि हात उचलेचना. बोलतीबाईला नेमकं तेव्हाच दुसरीकडे काम निघालं.

डायलिसिसहून आलं की दुपारी मी आडवा होतो. त्या दिवशी ती उशी घेऊन आली. सवयीनं डावीकडे गेली, थबकली, पलंगाला वळसा घालून उजवीकडे आली. मी उजवा हात पसरला. तिनं डोकं ठेवलं, इकडे केलं, तिकडे केलं. जमत नव्हतं. तो हात तिच्या ओळखीचा नव्हता, आणि डावीकडची जागा आता कायमची गेली, हे दोघांनाही कळत होतं. ती जागा मला अजून हवी आहे. मरेपर्यंत हवी असणार.

“होईल सवय,” मी म्हणालो.

“ते होईल,” ती म्हणाली. “तुम्ही आधी जरा पलीकडे सरका, मला जागा पुरत नाही.”