पुलावरची लाल फुली

अहेरीत बी.ए. करत असताना मी वर्षभर एक शहर सांभाळलं. शहर शिरीनच्या भावाच्या लॅपटॉपमध्ये होतं. शिरीन माझ्या वर्गातली. कॉलेज सुटलं की आम्ही दोघी तिच्या घरी तो पोलीसवाला गेम लावून बसायचो. पोलिसांची गाडी घ्यायची, शहरात वाटेल तिथे फिरायचं, चोर दिसला की मागे लागायचं. तोवर मी खरा सिग्नल पाहिलेला नव्हता, पण तिथे लाल दिवा तोडणाऱ्याला मी बिलकूल सोडत नसे. हुकूम गाजवायची हौस मला लहानपणापासूनच.

एक पूल मात्र जमत नव्हता. चोर त्यावरून निसटायचा आणि माझी गाडी दर वेळी नदीत. शेवटी चिडून मी वहीच्या जोडपानावर त्या शहराचा नकाशाच काढला. चौक्या निळ्या, गुंडांचे अड्डे काळे, पळायच्या वाटा तुटक रेघांच्या, पुलावर लाल फुली. जंगलात बंदूकवाले आणि पोलीस, दोघांचीही नजर आमच्या गावांवर. तिथे अशी वही पिशवीत टाकून एसटीने सुट्टीला निघणारी मीच एक शहाणी!

नाक्यावर बस थांबली. तपासणीला एक महिला शिपाई चढल्या, छातीवरच्या पट्टीवर नाव साधना. त्यांनी माझी वही उघडली आणि नेमकं नकाशाचं पान समोर आलं.

"हे काय होय?"

"गेम हाये बाई, कंप्युटरवरचा."

मागच्या सीटवरून आमच्या गावचे लटारूभाऊ मान उंचावून पाहत होते, तेव्हा मला खरी भीती वाटली. धरून नेलं तर चौकशी होणार, पण हसून सोडलं तर त्याहून वाईट. 'इले काऊन सोडलं?' हा प्रश्न माझ्याआधी गावात पोचला असता. पोलिसांची खबरी म्हणून एकदा संशय बसला की तो एकट्या माणसावर थांबत नाही, आईबापांवरही येतो. मला रडूच फुटलं.

साधनाबाईंनी मला खाली उतरवून बाजूला नेलं. नकाशा पाहता पाहता त्यांचं बोट पुलावर थांबलं. "लाल फुली कायची?"

"तिथं माही गाडी पडते, बाई. रोजच."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "पुलावर ब्रेक नको मारू," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आधीच हळू कर अन् सरळ जा."

मग त्यांनी बसकडे पाहिलं आणि एकदम आवाज चढवला. "एवढी मोठी झाली अन् गेम खेळून राह्यली! मायबापानं शिकाले पाठवलं का मोटारी उडवाले? इच्या गावचं कोन हाये?"

लटारूभाऊ उठले. "मी हावो, बाई."

"सांगा इच्या मायले, पोरगी अभ्यासाच्या वहीत गेमचे चित्र काढते मनून!"

अख्खी बस हसली. मला इतका राग आला की पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर तोंड करून बसले.

बसमधून उतरून लटारूभाऊ झपाझप पुढे गेले, मी घरी पोचले तर बातमी आधीच हजर. माझी आई, सोमारी, अंगणातच उभी होती. "मयुरे, मोटारी उडवते काय तू?" शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला काऊन सोडलं, असं कुणीही विचारलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बाई इकडच्याच असणार. बस ऐकते आहे हे त्यांना ठाऊक होतं. आई बोलत राहिली आणि मी तिच्या गळ्यातच पडले.

आठ वर्षं झाली. गावात अजून मला 'मोटारवाली' म्हणतात आणि मी आनंदाने ओ देते.

त्या वेळी सुट्टी संपल्यावर मी शिरीनकडे गेले आणि तोच चोर पुन्हा पुलाकडे पळाला. मी आधीच वेग कमी केला, पुलावर ब्रेकला बोट लावलं नाही. गाडी पार झाली. पलीकडे मी ती थांबवली.

"अरे, पकड ना उसको!" शिरीन ओरडली.

मी त्याला जाऊ दिलं. सुखरूप पलीकडे पोचले होते, मला तेवढंच पुष्कळ होतं.