साक्षीच्या वेळची गोष्ट

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नव्हतं. साक्षीला गरोदरपणात साखर लागली होती, बाळ अंगानं चांगलं भरलं होतं आणि दिवसही भरले होते. आपणहून कळा येण्याची वाट बघत बसण्यात आता अर्थ नव्हता. एक तर दवाखान्यात ठेवून, औषध देऊन कळा आणायच्या. त्याला एक-दोन दिवस लागू शकतात, आणि अडलंच तर शेवटी ऑपरेशन आहेच. नाहीतर सरळ दिवस ठरवून सिझर करायचं. पण त्यात पोट चिरणं आलं, उठाबसायला वेळ लागणं आलं, पुढच्या बाळंतपणाचा विचार आला.

"तुमच्या बाबतीत दोन्ही चालेल," त्या म्हणाल्या. "घरी बोला आणि सोमवारी ठरवून या."

परभणीहून पूर्णेला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये मायलेकी समोरासमोर बसल्या. साक्षी नांदेडला शाळेत शिक्षिका. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. एरवी वर्गातली साठ पोरं सांभाळणारी ती, आज एवढीशी दिसत होती. केशरबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

"त्यात ठरवायचं काय हाय?" त्या म्हणाल्या. "कळा घ्यायच्या. बाईला कळा चुकल्यात का? तुझ्या वेळंला काय डॉक्टर व्हता?"

साक्षीनं बाटलीचं झाकण उघडलं. तिला आपल्या जन्माची ती गोष्ट पाठ होती. पूर्णा जवळ आली, गाडी हळू झाली, आणि रुळांच्या कडेला जुन्या क्वार्टर्सची मोकळी जागा दिसली तशी केशरबाईंनी ती पुन्हा सुरू केली.

तेव्हा तिथं रेल्वेच्या गँगमन लोकांची चाळ होती. सूर्यभान, साक्षीचे वडील, गँगमध्ये नवेच लागले होते. दोन खोल्या, पुढं ओटा, सगळ्या रांगेला मिळून एक नळ. त्या नळावर भांडणंही व्हायची आणि एकमेकींच्या केसांची वेणीही घातली जायची. थंडीत सगळ्या बायका आपापल्या शेगड्या ओट्यावर आणून पेटवायच्या, आणि सकाळच्या धुक्यात सगळ्यांचा मिळून एकच धूर व्हायचा. केशरबाई लग्न होऊन खेड्यातून आल्या तेव्हा त्यांना गाड्यांच्या आवाजानं झोप लागायची नाही. पुढं पुढं तर माहेरी गेल्यावर गाडी ऐकू येत नाही म्हणून झोप लागेना.

रुळांच्या पलीकडं चन्नप्पांचं किराणा दुकान. त्यांची बायको शांतम्मा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अंगानं थोराड, मनानं त्याहून मोठी. तांदूळ निवडता निवडता केशरबाईंशी तिची गट्टी जमली ती जमलीच. साक्षीच्या वेळी हीच शांतम्मा दुकान टाकून धावत आली होती. सुलाबाई सुईण पायाशी, आणि शांतम्मा उशाशी. केशरबाईंचं डोकं तिच्या मांडीवर. एकीकडं सासूबाई हात जोडून 'बुद्धं सरणं' म्हणतायत, दुसरीकडं शांतम्मा शिवाचं नाव घेतेय, ओट्यावर सगळी चाळ गोळा झालेली. दिवेलागणीला साक्षी झाली. मग महिनाभर केशरबाईंना चूल बघावी लागली नाही. एका घरून शेपूची भाजी आणि बाजरीची भाकर, एका घरून डिंकाचे लाडू. खाटेखाली शेक, ओव्याची धुरी, त्या धुरात अंगाला गुंडाळलेलं लेकरू. शांतम्मा रोज तेल लावायला यायची आणि लेकराशी कानडी-मराठी मिसळून काहीबाही बोलायची.

"तसं आता काय राहिलंय?" केशरबाई दरवेळी इथं येऊन थांबायच्या. आजही थांबल्या. गाडीही थांबली.

दुपारी जेवणं झाल्यावर सूर्यभान ओसरीत खाटेवर बसले होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी गाडीची शिट्टी ऐकली की त्यांचा हात घड्याळाकडं जायचा. जावई धम्मपालचा नांदेडहून फोन येऊन गेला होता. तो बिचारा सगळं ऐकून एवढंच म्हणाला होता, "अंग तुझं आहे साक्षी. तू म्हणशील ते." यामुळं साक्षी आणखीच बुचकळ्यात पडली होती.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," सूर्यभान म्हणाले. "मी तर तुझ्या वेळंला पळून गेल्तो."

"कुठं?"

"स्टेशनात. ऐकवंना मला. तुझी माय सकाळधरनं एकच म्हनायली व्हती, मला दवाखान्यात न्या, मला दवाखान्यात न्या."

केशरबाई ताक ओतत होत्या. त्यांचा हात थांबला. "मी? मी कवा म्हनले?"

"तू न्हाईतर कोन? परभणीची गाडी निघून गेल्ती. मी जीप हुडकाय निघालो तर माझी माय म्हनली, कळा आल्या की समद्याच पोरी असं म्हनतात, जाऊ नको. मग मी बी न्हाई गेलो."

"काहीबी बोलाय लागलेत," केशरबाई लेकीकडं बघून म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

त्या आत गेल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. शेगड्यांचा धूर आठवत होता, लाडवांची चव आठवत होती, शांतम्माच्या लुगड्याचा वास आठवत होता. आपण असं काही मागितलं होतं हे मात्र कुठंच सापडेना. शेवटी त्यांनी शांतम्माला फोन लावला. शांतम्मा आता परभणीत मुलाकडं, शिवकांतकडं राहायची. ऐकायला थोडं कमी यायचं.

"शांतम्मा, साक्षीच्या येळंला मी दवाखाना मागत व्हते का?"

पलीकडं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेला. मग शांतम्मा म्हणाली, "मागत व्हतीस ना. माझा हात धरून मागत व्हतीस. मी म्हनले, होईल बाई, होईल आता. दुसरं काय म्हननार? लय भ्याले व्हते मी केशर. तू पांढरी पडल्तीस."

"मला कसं ग आठवत न्हाई?"

"बरंय की. मलाच आठवतंय त्येवढं बास हाय."

केशरबाई फोन ठेवून चुलीपाशी नुसत्याच बसून राहिल्या. मग कुठंतरी खोलवरून एक गोष्ट वर आली: भिंतीवरच्या चुन्याचा पोपडा. त्याच्याकडं बघत त्यांनी तो सबंध दिवस काढला होता आणि मनात म्हटलं होतं, माझं कुणी ऐकंना. ते आठवल्यावर रडू आलं. पण त्यानं शांतम्माची मांडी काही खोटी ठरली नाही. दोन्ही एकाच खोलीत, एकाच दिवशी होतं.

संध्याकाळी त्या साक्षीच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुझे बाबा खरं म्हनले. मी मागत व्हते, कुनी ऐकलं न्हाई. गाडीत बोलले ते सोडून दे. तुला सिझर करायचं तर कर. मला कुनी इचारलंच नव्हतं, म्हून मला इचारायचं असतंय हेच म्हाईत नव्हतं."

साक्षी त्यांच्याकडं वळून बसली. मग म्हणाली, "मी कळा घेऊन बघते माय."

"अगं पन..."

"तुझं ऐकल्यावर मला तर उलटं वाटलं. तुला भीती कळांची नव्हती, कुणी ऐकत नाही याची होती. तिथं खाली ऑपरेशनची खोली आहे, डॉक्टर आहेत. फक्त मी बास म्हटलं की बास. माझ्या तोंडून निघालं नाही तर तू सांगायचं. एवढं करशील?"

"करते," केशरबाई म्हणाल्या.

सोमवारी साक्षीला भरती केलं. धम्मपाल रजा टाकून आला. औषध सुरू झालं. पहिला दिवस तर गप्पांतच गेला. शांतम्मा नातवाच्या स्कूटरवर बसून डबा घेऊन आली, साक्षीच्या केसांना तेल लावलं, आणि पूर्णेच्या चाळीतल्या कोणाकोणाच्या गोष्टी काढून मायलेकींना हसवलं. त्या दिवशी केशरबाईंना वाटलं, चाळ अगदीच काही मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा वाढल्या. दुपार झाली तरी पिशवीचं तोंड पुरेसं उघडत नव्हतं. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "बाळाचे ठोके चांगले आहेत. अजून थोडी वाट बघता येईल." त्या बाहेर गेल्या आणि साक्षीनं आईचा हात घट्ट धरला. घामानं चेहरा निथळत होता.

"माय, बास आता."

केशरबाईंच्या ओठांवर शब्द आले होते: होईल बाई, होईल आता. इतकी वर्षं बायका बायकांना हेच म्हणत आल्या होत्या, आणि मायेनंच म्हणत आल्या होत्या. त्यांनी तो शब्द गिळला.

"बास ना? पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी धम्मपालला साक्षीजवळ बसवलं आणि स्वतः डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. आयुष्यात कधी डॉक्टरांपुढं त्यांनी आवाज काढला नव्हता. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "बाई, माझी लेक ऑपरेशन करा म्हनायली. भेऊन न्हाई, ठरवून म्हनायली."

डॉक्टरीणबाईंनी साक्षीकडं जाऊन पुन्हा एकदा नीट विचारलं, धम्मपालची सही घेतली, आणि तासाभरात साक्षीला आत नेलं.

बाहेर बाकावर केशरबाई, सूर्यभान आणि धम्मपाल. यावेळी सूर्यभान कुठं गेले नाहीत. मधेच म्हणाले, "तवा जीप आनाय पायजे व्हती मी."

"हां, पायजे व्हती," केशरबाई म्हणाल्या. त्यांनी ते काही गोड करून सांगितलं नाही, पण त्यांचा हात नवऱ्याच्या गुडघ्यावर गेला आणि तिथंच राहिला.

मुलगी झाली. चांगली गोलमटोल, कपाळावर काळंभोर जावळ. नर्सनं कपड्यात गुंडाळून आणली तेव्हा सूर्यभानांनी घ्यायला हात पुढं केले आणि घाबरून मागं घेतले. धम्मपालनं घेतली.

साक्षीला उठून बसायला दुसऱ्या दिवशी लय त्रास झाला. टाके ओढत होते, खोकला आला की डोळ्यांत पाणी यायचं. केशरबाईंनी पाठीमागून तिला आधार दिला, आणि एक पाय खाली, मग दुसरा, असं करत ती उभी राहिली. खिडकीपर्यंत जाऊन दोघी थांबल्या.

"लय दुखायलंय माय."

"दुखू दे. हळू चाल," केशरबाई म्हणाल्या. "मी बाजरीचं पीठ आनायला सांगितलंय. डॉक्टरीणबाईंना इचारून घेतलंय मी, चालतंय म्हनाल्या."